एसी २६ वर लॉक केला की ऑफिसचं वीजबिल उतरतं? ('सवयी बदला' पोस्टला उत्तर)

प्लांटरूमवाला:
परवा इथेच एक पोस्ट फिरत होती की मोठ्या ऑफिस बिल्डिंगचं वीजबिल म्हणजे निव्वळ लोकांच्या सवयींचा प्रश्न. लाइट बंद करा, एसी २६ वर लॉक करा, स्विचशेजारी स्टिकर लावा, बास. बाकी सेन्सर-सॉफ्टवेअर म्हणजे विकणाऱ्यांची दुकानं. वर ढीगभर लाइक! डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय.

एक करा. रात्री दोन वाजता, बिल्डिंगमध्ये चिटपाखरू नसताना लोड किती असतो ते मीटरच्या डेटातून काढा आणि दुपारच्या लोडशेजारी ठेवून बघा. सर्व्हर, सिक्युरिटी, इमर्जन्सी लाइट सोडले तर तिथे फारसं काही दिसायला नको. पण दिसतं. कारण कधीतरी टायमर बिघडला म्हणून कुणीतरी एएचयू (मजल्यावर गार हवा ढकलणारं यंत्र) 'मॅन्युअल'ला टाकला आणि परत ऑटोवर आणायचं राहूनच गेलं. टॉयलेटचे एक्झॉस्ट चोवीस तास चालू. पंप फुल स्पीडला आणि फ्लो जास्त होतो म्हणून पुढे वॉल्व्ह अर्धा आवळलेला! पंख्याचा स्पीड २० टक्के उतरवला तर वीज जवळपास निम्मी लागते, वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते हा घनाचा नियम आहे, तरी व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) विकत घेऊन तो १०० टक्क्यांवर ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. तिथे तुमचं स्टिकर काय करणार?

स्टिकरवाली:
ती पोस्ट माझी. लाइक टोचले वाटतं.
घनाचा नियम पाठ आहे हो, पण डक्टमध्ये हवेचा ठरावीक दाब (स्टॅटिक प्रेशर) धरून ठेवायचा असेल तर तो जसाच्या तसा लागू होत नाही हे सोयीस्कर गाळलंत. आमच्याकडे मोठा गाजावाजा करून एनर्जी सॉफ्टवेअर बसवलं, रिसेप्शनला टीव्हीवर 'आपण इतकी झाडं वाचवली' असं झळकायचं. लॉगिन ज्याच्याकडे होतं तो नोकरी सोडून गेला, तेव्हापासून टीव्हीवर तीच झाडं. आणि बचतीचा रिपोर्ट? कडक उन्हाळ्याचं वर्ष आणि सौम्य उन्हाळ्याचं वर्ष शेजारीशेजारी ठेवून फरक स्वतःच्या नावावर! जपानने २००५ मध्ये कूल बिझ काढलं, एसी २८ वर आणि टाय काढा म्हणाले, ते काय येडे होते?

गोठलेली_अकाउंटंट:
२६ वर लॉक?? कुठे आहे हे ऑफिस, मी आजच अर्ज करते. माझ्या बरोबर डोक्यावर व्हेंट आहे, भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसते आणि ब्लेझरवाले साहेब केबिनमधून फोन करतात, अजून गार करा. २०१५ मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये पेपर आला होता, ऑफिसच्या तापमानाचं गणित साठच्या दशकातल्या चाळिशीच्या, सत्तर किलोच्या पुरुषाच्या चयापचयावर बेतलेलं आहे म्हणून. पुरावा हवा तर माझी बोटं बघा.

घामाघूम:
ताई, तुम्ही अंगावर आणखी एक चढवू शकता, मी आणखी काय उतरवू?

गोठलेली_अकाउंटंट:
हाच विनोद रोज ऐकते. उतरवायचंच असेल तर आधी ब्लेझर उतरवा.

घामाघूम:
ब्लेझर क्लायंटसमोर लागतो, हौस नाही. आणि पेपरबिपर ठीक आहे, पण त्या गणितामागच्या फँगरच्या मॉडेलमध्ये (लोकांना किती तापमान बरं वाटेल ते मांडणारं) सगळं अचूक जमलं तरी ५ टक्के लोक नाराज राहणारच असं गृहीत धरलेलं असतं. तुम्ही त्या पाचातल्या.

गोठलेली_अकाउंटंट:
आमच्या मजल्यावरच्या निम्म्या बायका त्या पाच टक्क्यांत बसतात का? गणित तुमचं, तुम्हीच सोडवा.

प्लांटरूमवाला:
विषय कुठे नेलात! पण नेलाच आहात तर ऐका. ताई गोठतात याचा अर्थ तिथे वीज वाया जातेय. बहुधा व्हीएव्ही बॉक्सचा (त्या-त्या भागात येणारी हवा कमी-जास्त करणारा डबा) किमान फ्लो गरजेपेक्षा जास्त सेट केलेला असणार, म्हणून माणसं कमी असली तरी गार हवा ओततच राहतो. काही बिल्डिंगमध्ये तर ती आधी गार करतात आणि मग बॉक्समधल्या हीटरने कोमट करतात, दोन्हीचं बिल भरायचं! आणि घामाघूम, थर्मोस्टॅट १८ वर नेल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त नको तितकी गार होते. तुमच्या भिंतीवरचा चालतो तरी का ते विचारा, लोकांच्या समाधानापुरते डमी बसवलेले मी बघितलेत.

घामाघूम:
म्हणजे इतकी वर्षं मी भिंतीशी भांडतोय? उद्याच बघतो मेंटेनन्सकडे.

भाडेकरू_क्र_३:
तुमचं दोघांचं चालू द्या. आमच्याकडे चिलर (एसीसाठी पाणी गार करणारं मुख्य यंत्र) मालकाचा आणि वीजबिल आमचं, चौरस फुटावर वाटलेलं. मालक नवा चिलर कशाला घेईल? आणि आम्ही कितीही बचत केली तरी वरच्या मजल्याच्या उधळपट्टीत बुडते. सोमवारी सकाळी सगळे एएचयू एकदम चालू करतात, त्या अर्ध्या तासाच्या उच्चांकावर महिन्याचा डिमांड चार्ज बसतो. टप्प्याटप्प्याने चालू करा सांगितलं तर 'सिस्टिममध्ये तशी सोय नाही'. सबमीटर (आमच्यापुरता वेगळा मीटर) मागितला तर तेही नाही. याच्यावर कुणी पोस्ट टाकत नाही, २६ वर मात्र महाभारत.

स्टिकरवाली:
हे मात्र खरंय, सबमीटर नाही तर कुणाचीच सवय बदलणार नाही.
आणि प्लांटरूमवाले साहेब, काल रात्रीचं रीडिंग मागवलं. आलं. आकडा सांगत नाही, तुम्हाला फार आनंद होईल.

प्लांटरूमवाला:
आकडा राहू द्या, मॅन्युअलला किती एएचयू सापडले?

स्टिकरवाली:
चारही. आता त्या पॅनेलवर 'ऑटोवर ठेवा' असं स्टिकर लावलंय, आणि २६ चं लॉक निघणार नाही.