पाचवा वाढदिवस हैदराबादच्या थीम पार्कमध्ये, आणि पेरणी तोंडावर

पैनगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आम्ही केळापूर तालुक्यात, पाटणबोरीजवळच्या एका गावात राहतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या मुलीला पाच वर्षे पूर्ण होतात आणि तिच्या मामाने या वाढदिवसाला तिला हैदराबादला थीम पार्क दाखवण्याचे कबूल केले आहे. मोबाइलवर पाण्याच्या घसरगुंड्या पाहिल्यापासून तिने घरात दुसरा विषय काढलेला नाही. मामाच्या मनात रामोजी फिल्म सिटी आणि वंडरला ही दोन नावे असून, दोन्ही लागोपाठच्या दोन दिवसांत पाहून परत फिरावे, असा त्याचा बेत आहे.

माझ्यापुढे मात्र काही प्रश्न आहेत. मुलीच्या बाबांचे म्हणणे असे, की पाऊस कधी पडेल ते सांगता येत नाही, त्यामुळे ते नेमक्या तारखेचा शब्द देऊ शकत नाहीत. सासूबाईंना वाटते, की वाढदिवसाचे औक्षण घरी, देवापुढेच व्हायला हवे. लॉजच्या खोलीत कसला वाढदिवस? त्यांचे म्हणणे मला उडवून लावायचे नाही. त्यात मुलगी थोडी बुजरी आहे. जत्रेत पाळण्यात आनंदाने बसते, पण मोठा आवाज झाला किंवा कोणी सोंग घेऊन समोर आले की माझ्या मागे लपते. एवढ्या मोठ्या गर्दीत आजचा दिवस आपला आहे, हे तिला कसे जाणवेल? लहान मुलांना घेऊन जे तिकडे जाऊन आले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हिंगणघाटवासी

ताई, सर्वप्रथम मामांना दोनपैकी एकच ठिकाण निवडायला सांगा. दोन्ही ठिकाणे शहराबाहेर आहेत. वंडरला दक्षिणेला रावीर्यालजवळ आहे, तर रामोजी पूर्वेला विजयवाडा महामार्गावर आहे. आउटर रिंग रोडमुळे एकमेकांकडे जाणे सोपे झाले असले, तरी पाच वर्षांच्या मुलीला लागोपाठ दोन पूर्ण दिवस उन्हात आणि रांगेत काढायला लावले, तर दुसऱ्या दिवशी ती केवळ रडेल, आणि वाढदिवस नेमका त्या दिवशी आला तर सगळेच ओमफस होईल.

दोहोंचा स्वभाव वेगळा आहे. रामोजी फिल्म सिटी १९९६ साली सुरू झाली आणि जगातील सर्वांत मोठे चित्रपट संकुल म्हणून तिची गिनीज बुकात नोंद आहे. तेथे प्रवेश केल्यावर बसने फिरवून चित्रीकरणाचे देखावे दाखवतात, आणि वडीलधाऱ्यांना हे फार आवडते. लहान मुलाला मात्र खोट्या विमानतळात आणि खोट्या रेल्वे स्थानकात फारसा रस नसतो, कारण ते खोटे आहे यातली गंमत कळायला आधी खरे पाहिलेले असावे लागते. मुलांसाठी तेथे फंडुस्तान नावाचा खेळांचा भाग आहे. पक्षी आणि फुलपाखरांचे उद्यानही आहे. तुमची मुलगी आवाजाला घाबरते, म्हणून वाइल्ड वेस्टचा साहसी खेळ आणि बोरासुरा नावाची भीतीची गुहा या दोन गोष्टी सरळ टाळा.

वंडरला २०१६ साली सुरू झालेले निव्वळ पाळण्यांचे आणि पाण्याचे उद्यान आहे. घसरगुंड्या पाहून मुलगी हट्टाला पेटली असेल, तर माझे मत वंडरलाच्या बाजूने आहे. तेथे मोठ्यांसाठी पोटात गोळा आणणारे पाळणे आहेत, पण लहानांचे पाळणे वेगळे आहेत, उथळ पाण्याची जागा आहे आणि लाटांचा तलावही आहे, ज्याच्या कडेला घोटाभर पाण्यात तिला बसता येईल. शक्य असल्यास शनिवार-रविवार टाळा आणि नेमक्या वाढदिवसालाच जा. पेरणी दोन दिवस इकडेतिकडे झाल्याने फार काही बिघडत नाही.

अंगणवाडीतील सेविका, वरोरा तालुका

मी रोज याच वयाच्या मुलांमध्ये असते, म्हणून थोडे लिहिते. अशा उद्यानांत तिकिटाचा दर आणि पाळण्यात बसण्याची परवानगी या दोन्ही गोष्टी बहुधा वयावर नसून उंचीवर ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार पाच वर्षांच्या मुलीची मध्यम उंची सुमारे १०९ सेंटीमीटर असते आणि आपल्याकडील बऱ्याच मुली त्याहून थोड्या कमीच भरतात. थरारक पाळण्यांसाठी मात्र साधारण १२० ते १४० सेंटीमीटरची अट असते. तुमच्या गावच्या अंगणवाडीत उंची मोजण्याची पट्टी असेलच, तेथे तिची उंची मोजून घ्या आणि तिला कोणकोणत्या पाळण्यांत बसता येईल, हे उद्यानाला फोन करून आधीच विचारून ठेवा. मग त्यांतल्याच पाळण्यांचे व्हिडिओ तिला दाखवा. मोबाइलवर मोठी घसरगुंडी पाहून गेलेल्या मुलाला दारातल्या माणसाने उंचीच्या खांबापाशी उभे करून परत पाठवले, की त्याचा चेहरा पाहवत नाही. आणि त्यात त्या माणसाचा काही दोष नसतो.

आजचा दिवस आपला आहे हे तिला कसे जाणवेल, असे तुम्ही विचारले आहे. या वयाच्या मुलाला ते जाणवते ते निवड त्याच्या हाती दिल्याने. मोठी माणसे पैसे वसूल करण्याच्या नादात दिवसभर मुलाला ओढत नेतात: आता हे, मग ते, चल लवकर, रांग वाढते आहे. त्याऐवजी सकाळी उद्यानात शिरतानाच तिला सांगा, की आज कुठे जायचे ते तू सांगायचे. तिने एकाच चक्री पाळण्यात दहा वेळा बसायचे ठरवले, तर बसू द्या. मामाने भरलेले पैसे त्यातच वसूल झाले असे समजा, आणि मामांनाही हे आधीच समजावून ठेवा, कारण बहुतेक कुरबुर तेथूनच सुरू होते.

दुपारी तिला झोप लागते का? लागत असेल, तर जेवणानंतरचा तास-दीड तास सावलीत कोठेतरी बसून काढावा. पाण्याचे खेळ त्यानंतर ठेवावेत. बाहेरचे खाद्यपदार्थ अशा उद्यानांत सहसा आत नेऊ देत नाहीत, म्हणून दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि जवसाची चटणी प्रवासासाठी ठेवा आणि सकाळी खोलीवरून निघताना तिला पोटभर खाऊ घाला. सोंगे घेतलेल्या माणसांना ती घाबरते, तर तिला त्यांच्याजवळ उभे करून फोटो काढण्याचा आग्रह कोणी धरू नये. लांबून हात हलवला तरी पुरे.

आर्णीचा शेतकरी

वरचे प्रतिसाद चांगले आहेत; मात्र पेरणी दोन दिवस इकडेतिकडे झाली तरी चालते, हे हिंगणघाटवासींचे वाक्य मला मान्य नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. तेवढा पाऊस होऊन जमिनीला वाफसा आला, की गावातले सगळे एकाच वेळी निघतात, आणि त्या दिवशी मजूरही मिळत नाही, पेरणी यंत्रही मिळत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याने त्या आठवड्यात हैदराबादला असणे म्हणजे आपल्याच लग्नात गैरहजर राहणे. मुलीच्या बाबांवर तारखेचा जोर देऊ नका.

माझी सूचना अशी आहे. तेलंगणातील शाळा साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, १२ तारखेच्या आसपास उघडतात, उर्वरित महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यास सुरू होतात, आणि उन्हामुळे विदर्भातील शाळा त्याहूनही उशिरा उघडतात. म्हणजे हैदराबादची मुले शाळेत गेलेली आणि आपली मुले अजून सुट्टीवर, असे थोडेच दिवस आपल्या वाट्याला येतात. त्या दिवसांतील मधला वार, मंगळवार किंवा बुधवार, पाहून तारखेच्या आधीच जाऊन या. आपल्याकडे पाऊस जूनच्या मध्याच्या सुमारास येतो, त्यामुळे बहुतेक वर्षी तोवर बाबांनाही सोबत येता येईल. पाऊस लवकर आलाच, तर मामा आणि आई मुलीला घेऊन जातील.

राहिला आजीच्या औक्षणाचा प्रश्न. आपल्यात वाढदिवस तिथीनेही करतात आणि तारखेनेही करतात. तिथी दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जाते, म्हणून ती तारखेच्या पुढेमागेच येते. पंचांगात मुलीची तिथी पाहा. त्या दिवशी घरी आजीच्या हातचे औक्षण, पुरणपोळी आणि शेजारच्या लेकरांना खाऊ. हैदराबादची सहल ही मामाची भेट. लॉजच्या खोलीत औक्षण करायचे नाही, म्हणजे आजीही राजी. पाच वर्षांच्या मुलीला कॅलेंडर कळत नाही. दोन वाढदिवस झाले, याचे तिला दुःख होईल असे मला तरी वाटत नाही.

हिंगणघाटवासी

पेरणीबाबत भाऊंचे म्हणणे रास्त आहे. माझी नोकरी सूतगिरणीत असल्याने मी तो विचार सहज बाजूला सारला. मात्र तारखेबद्दल माझे मत तेच आहे, की तारखेच्या आधी गेलात तर तिकिटावर वाढदिवसाची जी सवलत उद्याने काही वेळा देतात, ती मिळेल की नाही, हे आधी विचारून घ्यावे लागेल. अशा सवलतीसाठी जन्मदाखला किंवा आधार कार्ड मागतात आणि अट दर वेळी बदलते.

पैनगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तिथीची गोष्ट सासूबाईंना वाचून दाखवली; त्यांनी लगेच पंचांग काढले आणि तिथी तारखेनंतर येते हे पाहून त्यांचा विरोध मावळला. आता वंडरला, मधला वार आणि तारखेच्या आधी, असे ठरते आहे. केकचे काय करावे? गावाकडून न्यावा का? आणि रस्त्याने जावे की रेल्वेने?

चंद्रपूरहून एक आजोबा

केक गावाकडून मुळीच नेऊ नका. जूनच्या उन्हात आदिलाबाद येण्याआधीच त्याची खीर होईल. तुम्ही जेथे उतराल त्या भागातील बेकरीतून संध्याकाळी लहानसा केक आणा, आणि बिनअंड्याचा हवा असल्यास तसे आधी सांगा. उद्यानाच्या उपाहारगृहात केक कापण्याची सोय होते का, हे फोनवर विचारायला हरकत नाही, पण मेणबत्ती किंवा विस्तव आत सहसा चालत नाही, त्यामुळे खोलीवर परतून कापणेच सोयीचे आहे. दिवसभराने थकलेली मुलगी केकपर्यंत जागी राहील, एवढ्या वेळेत मात्र परत या. आमची नात झोपली होती आणि केक मोठ्या माणसांनीच खाल्ला.

प्रवासाबाबत सांगायचे, तर तुमच्या गावाहून राष्ट्रीय महामार्ग ४४ सोडून दुसरा विचार करण्याचे कारण नाही. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, पुढे निर्मल आणि सरळ हैदराबाद. पांढरकवड्याहून नागपूर-हैदराबाद बसगाड्या जातात. महाराष्ट्रात एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे, पण ते राज्याच्या हद्दीपुरते. तेलंगणातील महिलांचा मोफत बसप्रवास फक्त तेथील रहिवासी महिलांसाठी आहे, त्यामुळे तुमचे पूर्ण भाडे धरून चाला. आमच्यासारख्या रेल्वेमार्गावरच्या लोकांसाठी नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे आणि ती सेवाग्राम, चंद्रपूर व बल्लारशाह येथे थांबते, पण तुम्हाला त्यासाठी उलटे यावे लागेल.

कोणी रेल्वेने जाणारे हे वाचत असतील, तर त्यांच्यासाठी एक बारीक गोष्ट सांगतो. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र जागा न घेतल्यास तिकीट लागत नाही, आणि पाच ते बारा वर्षांखालील मुलाला स्वतंत्र बर्थ किंवा आसन घेतल्यास पूर्ण भाडे पडते. त्यामुळे पाचवा वाढदिवस तिकडे साजरा करून परत येणारे मूल जाताना फुकट आणि येताना तिकिटाचे असते. तुमची मुलगी तारखेच्या आधीच जाऊन येणार असल्याने मामाचा तोही खर्च वाचला असता.

अंगणवाडीतील सेविका, वरोरा तालुका

कपड्यांचे सांगायचे राहिले. पाण्यात उतरताना नायलॉन, पॉलिएस्टर किंवा लायक्राचेच कपडे लागतात. सुती कपड्यांनी पाण्यात जाऊ देत नाहीत. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातून जाणाऱ्यांना हे थोडे लागते, पण नियम आहे. पोहण्याचे कपडे तेथे भाड्याने किंवा विकत घेण्यापेक्षा मुलीसाठी आणि स्वतःसाठी यवतमाळ किंवा पांढरकवड्याच्या बाजारातूनच घेऊन ठेवा. तुम्ही स्वतः पाण्यात उतरला नाहीत, तर बुजरी मुलगी एकटी उतरणार नाही. अंगभर झाकणारे, लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे मिळतात, त्यामुळे संकोचाचे कारण नाही. कोरड्या कपड्यांचा एक जोड, टॉवेल आणि चपला वेगळ्या पिशवीत ठेवा. आणि तिच्या मनगटावर दोरी बांधून त्यात मामाचा मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून अडकवा.