आरओचं पाणी पिऊनही पोटऱ्या काहून धरते?

दारव्ह्याचा पोरगा: भरतीसाठी १६०० मीटरचा सराव चालू हाये. मे महिना, शेताच्या धुऱ्यावरून पळतो. घरी २० लिटरचा जार येते, दोन तांबे पिऊनच निघतो. तरी परवा तिसऱ्या दिवशीबी पोटरीत गोळा आला. बनेनवर मिठाचे पांढरे पट्टे. मिनरल वॉटरची बाटली घ्या लागीन का?

जुना कबड्डीवाला: बाटलीत पैसे घालू नको बाप्पा. ते पांढरे पट्टे पाह्य, घामात सोडियम, म्हंजे मिठातला क्षार, जाते. आरओत क्षार निघून जातात अन् बाटलीतबी सोडियम थोडंच. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, माह्यासारखा भाजीचा नको, थुकाव लागलं होतं. गोळा नुसतं मीठ गेल्यानं येत नाही, पाय थकल्यानंबी येते. सराव हळूहळू वाढव.

पांढरकवड्याची ताई: पळायच्या आधी-नंतर वजन कर. किलोभर घटलं म्हणजे लिटरभर घाम गेला. पण नुसतं पाणी ढोसू नको, रक्तातलं सोडियम उतरते. अन् आमच्याकडं बोअरात दात-हाडं खराब करणारं फ्लोराईड हाये, आरओत ते निघते, म्हणून आरओ सोडू नको.

दारव्ह्याचा पोरगा: वजनकाटा किराणा दुकानात हाये, पोत्याचा. चालते का?