सोव्हिएत सरप्लसचे (लष्कराच्या जुन्या शिल्लक काडतुसांचे) सीलबंद डबे: आता घेण्यात अर्थ आहे का?

धागाकर्ता: नेम

अमेरिकेत नव्या नेमबाजाला अजूनही सांगतात, "मोसिन-नागांत घे, ४४० काडतुसांचा पत्र्याचा डबा घे, वर्षभर चांदमारी कर." २०१० च्या सुमारास हे बरोबर होतं. तेव्हा मोसिन या जुन्या रशियन लष्करी रायफलची ९१/३० आवृत्ती शंभर डॉलरच्या आसपास मिळे, डबाही शंभराच्या आत. आता ती आवकच आटली आहे. रशियातून कोणती बंदूक येऊ शकते, हे अमेरिका-रशियातल्या १९९६ च्या करारानं आधीच बांधून टाकलं होतं. एप्रिल २०१४ मध्ये ५.४५ मिमीची (एके-७४ रायफलीची) ७एन६ गोळी चिलखतभेदी ठरली आणि तिची आयात थांबली. ७ सप्टेंबर २०२१ पासून रशियन शस्त्रं आणि दारूगोळ्याला नवे आयात परवाने मिळत नाहीत. युक्रेनची कोठारंही युद्धामुळे बंद झाल्यात जमा.

माझं मत स्पष्ट आहे. रायफल हवी तर घ्या, पण चढ्या भावानं डबे घेऊ नका. सर्बियाच्या प्रवी पार्टिझानची नवी पितळी काडतुसं घ्या.

प्रतिसाद: खटका

अजिबात पटलं नाही. न उघडलेल्या डब्यातली पन्नास-साठ वर्षांपूर्वीची काडतुसंही आज नीट उडतात. लोक घाबरतात ते गंजाला, आणि त्याचं कारण नीट समजून घेत नाहीत. प्रायमरमधल्या (काडतुसाच्या तळाची ठिणगी देणारी टोपी) पोटॅशियम क्लोरेटचं बार उडाल्यावर पोटॅशियम क्लोराइड होतं. हा क्षार मिठासारखा हवेतला ओलावा ओढतो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून नुसता तेलाचा बोळा फिरवला की क्षार तेलाखाली तसाच राहतो आणि नळी गंजते.

त्याच दिवशी चेंबरच्या (जिथे काडतूस बसतं त्या) बाजूनं नरसाळ्यातून लिटरभर कढत पाणी सोडा. बोल्टचं (काडतुसामागे नळी बंद करणारा दांडा) तोंड आणि फायरिंग पिनचं (प्रायमरवर आदळणारी सुई) टोकही धुवा. कोरड्या चिंध्या फिरवा, मग तेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चिंधी घालून बघा, तांबूस डाग आला तर परत पाणी. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

प्रतिसाद: दस्ता

खटका, हे मोसिनपुरतं खरं. एसकेएस या अर्धस्वयंचलित सोव्हिएत रायफलमध्ये तोच क्षार गॅस पोर्ट (नळीतला गॅस बाहेर काढणारं छिद्र), पिस्टन आणि गॅस ट्यूबमध्ये जातो. बऱ्याच एसकेएसच्या नळीला आतून क्रोम असतं, पोर्टला नाही. तिथे प्रत्येक वेळी सगळं सुटं करावं लागतं.

त्याहून गंभीर गोष्ट फायरिंग पिनची. बहुतेक एसकेएसमध्ये पिनला स्प्रिंग नसते, ती मोकळी सरकते. कोठारात गंजू नये म्हणून लावलेलं कॉस्मोलीन (चिकट ग्रीस) बोल्टमध्ये घट्ट झालं की पिन पुढे अडकते, आणि बोल्ट बंद होताना चाप न ओढताच बार उडतो, कधी एकामागून एक. नवी आणलेली रायफल आधी पूर्ण खोला, बोल्ट मिनरल स्पिरिटमध्ये (ग्रीस विरघळवणारा द्रव) भिजवा. मग तो कानाजवळ हलवा. पिन खुळखुळ वाजली पाहिजे. वाजत नसेल तर काडतूस भरू नका.

कॅनडात एसकेएसला फार मागणी आहे, पण तिथे दहाऐवजी पाचच काडतुसं बसतील अशी मॅगझिन रिबिट मारून अडवलेली असावी लागते. मोसिन बोल्ट-ॲक्शन असल्यानं तिला ही अट नाही.

प्रतिसाद: नेम

डब्यातली काडतुसं उडतात, हे मान्य. पण रिकामी केस (काडतुसाचं कवच) वाया जाते, त्याचं काय? सोव्हिएत केस पोलादी आणि बर्डन प्रायमरची. तळाला दोन बारीक छिद्रं, मधे ऐरण (प्रायमर जिच्यावर चेपला जातो तो उंचवटा). घरी केस पुन्हा भरताना जुना प्रायमर काढणाऱ्या डायची (साच्याची) पिन मधोमध येते, ऐरणीवर आपटते आणि मोडते. नव्या पितळी काडतुसांच्या बॉक्सर केसला मधे एकच छिद्र असतं, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा भरता येते. फक्त ०.३०८ इंच व्यासाची गोळी घालू नका, ती मोसिनच्या नळीत ढिली बसते. मऊ शिशाची गोळी नळीतून ठोकून काढा आणि मायक्रोमीटरनं मोजा. बहुधा ०.३११ ते ०.३१४ इंच भरेल.

प्रतिसाद: संगीन

तुमचा वाद काडतुसांवर अडकलाय, पण पैसे बुडतात ते रायफल निवडताना. चौकोनात तिरकी रेघ असा शिक्का म्हणजे ती कोठारात दुरुस्त झालेली आहे. बोल्टवरचा जुना अनुक्रमांक खोडून नवा मारलेला असेल तर हेडस्पेस गेजनं (बोल्ट आणि काडतूस यांमधली जागा मोजणारं माप) तपासून घ्या. नळीच्या तोंडाशी आटे (आतल्या वळणदार खाचा) दिसत नसतील तर ते काउंटरबोअर असू शकतं. म्हणजे नळीच्या टोकाचे झिजलेले आटे आतून छिद्र मोठं करून कोठारातच काढून टाकत. ती खोट नाही, अशा रायफली उत्तम नेम धरतात. बोल्ट उचलायला जड जात असेल तर दोष बहुधा चेंबरमध्ये वाळलेल्या कॉस्मोलीनचा.

आणि खटका, डबा उघडल्यावर गोळीचं टोक बघायला सांगायचं राहिलं. रुपेरी म्हणजे पोलादी गाभ्याची हलकी गोळी. पिवळं म्हणजे जड, १८२ ग्रेन वजनाची. हिरवं म्हणजे ट्रेसर (जळत जाऊन मार्ग दाखवणारी), वाळल्या गवतात वणवा लावेल. काळ्या-लाल टोकाची बी-३२ चिलखतभेदी आणि आग लावणारी, ती चांदमारीत नेऊच नका. पोलादी गाभ्याच्या गोळ्या ओळखायला बऱ्याच ठिकाणी दारातच लोहचुंबक लावतात. गोळीचं आवरणही पोलादी असतं, त्यामुळे गाभा शिशाचा असला तरी चुंबक चिकटतो आणि सगळा डबा परत घरी न्यावा लागतो. विकत घेण्याआधी आपल्या रेंजवर हे विचारून घ्या.