सुट्टीनंतर सुरू करताना डिकँटरचे कंपन वाढते, बेअरिंग बदलावे का?

प्रश्न : रात्रपाळी

आमच्या सांडपाणी प्रक्रिया विभागात गाळातील पाणी काढण्यासाठी ४०० मिलिमीटर व्यासाच्या बाउलचा (फिरणाऱ्या पिंपाचा) डिकँटर, म्हणजे वेगाने फिरून गाळ आणि पाणी वेगळे करणारे यंत्र, आहे. बाउलचा वेग मिनिटाला ३००० फेरे असून डिफरन्शियल (बाउल आणि त्यातील गाळ पुढे ढकलणाऱ्या मळसूत्री स्क्रोलच्या वेगातील फरक) साधारण १० फेऱ्यांवर ठेवलेले असते. आठवडाभर यंत्र सलग चालते तेव्हा कंपन ३ ते ४ मिलिमीटर प्रति सेकंद राहते. मात्र दोन दिवस बंद ठेवून पुन्हा सुरू केले की पूर्ण वेग येईपर्यंत ते ९ च्या पुढे जाते आणि अलार्म वाजतो. कधी तासाभरात ते आपोआप उतरते, कधी दिवसभर उतरत नाही. आकडाही स्थिर नसतो, सारखा वर-खाली होत राहतो. बंद करण्यापूर्वी टाइमरवर ५ मिनिटे पाण्याने फ्लशिंग होते. बेअरिंगचे तापमान नेहमीइतकेच आहे, तरीही दोन्ही मुख्य बेअरिंग बदलावीत असा वरिष्ठांचा आग्रह आहे. ती मागच्या मोठ्या दुरुस्तीतच बदललेली असल्यामुळे मला तो खर्च पटत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : जुना फिटर

बेअरिंग खराब असते तर ते आठवड्याच्या शेवटच्या दिवशीही खराबच असते. सुट्टीत बिघडून तासाभरात बरे होणारे बेअरिंग मी अजून पाहिलेले नाही. माझा संशय फ्लशिंगवर आहे.

आपल्या यंत्रात ३००० फेऱ्यांना बाउलच्या भिंतीवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २००० पट बल असते. त्या वेगाला केवळ १०० ग्रॅम गाळ भिंतीच्या एका बाजूला जास्त चिकटलेला असला, तरी तो बाउलला जवळपास २०० किलोच्या ओढीने बाहेर खेचतो. यंत्र बंद केल्यावर वेग मिनिटाला ६५-७० फेऱ्यांच्या खाली आला की भिंतीवर पाणी धरून ठेवण्याइतके बल उरत नाही. मग आत राहिलेला पातळ गाळ तळाशी गोळा होतो आणि दोन दिवसांत तिथेच वाळून घट्ट होतो. पुढच्या वेळी यंत्र सुरू होते ते एका बाजूला ओझे घेऊनच.

म्हणून फ्लशिंग किती मिनिटे केले याला फारसा अर्थ नाही. फीड (आत येणारा गाळ) आणि पॉलिमर (गाळाचे कण एकत्र आणणारे रसायन) बंद करून, डिफरन्शियल वाढवून, टॉर्क (स्क्रोल फिरवायला लागणारा जोर) रिकाम्या यंत्राच्या आकड्यावर येईपर्यंत आणि सेंट्रेट (वेगळे होऊन बाहेर येणारे पाणी) स्वच्छ दिसेपर्यंत पाणी चालू ठेवावे. त्यानंतर वेग उतरत असताना, आणि शक्य असल्यास अगदी कमी वेगावरही, पुन्हा पाणी द्यावे, कारण पूर्ण वेगाला भिंतीवर दाबून बसलेला थर त्या वेळीच सुटतो. मात्र कमी वेगात पाणी केक (पाणी काढलेला घट्ट गाळ) पडण्याच्या बाजूनेही बाहेर येते. खालच्या कन्व्हेयरचे काय करायचे हे आधी ठरवले नाही, तर आधी पडलेला कोरडा केकही पुन्हा चिखल होऊन बसतो. आम्ही तो अनुभव एकदा घेतला आणि पूर्ण पाळी फावडे मारण्यात गेली.

उत्तर : कंपन तपासणीस

आकडा वर-खाली होतो हे आपण ओघात लिहिले आहे, पण माझ्या मते प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची माहिती तीच आहे. बाउल आणि स्क्रोल किंचित वेगळ्या वेगाने फिरतात. दोन्हींचा बॅलन्स बिघडलेला असेल तर त्यांची ओझी कधी एका बाजूला येतात, कधी समोरासमोर, आणि त्याप्रमाणे कंपन वाढते व घटते. या चढउताराचा काळ म्हणजे ६० भागिले डिफरन्शियल. १० फेऱ्यांना तो ६ सेकंद येईल. घड्याळ लावून मोजावे, मग डिफरन्शियल ५ वर आणावे. काळ १२ सेकंद झाला, तर स्क्रोलच्या बाजूनेही ओझे आहे हे निश्चित समजावे, म्हणजे पात्यांमध्ये अडकलेला गाळ किंवा पात्यांची झीज रोखणारी टंगस्टन कार्बाइडची निखळलेली टाइल.

उत्तर : देखभाल विभाग

वरील पद्धत योग्य आहे, पण ती फक्त पाण्यावर करावी. फीड चालू असताना डिफरन्शियल निम्मे केले तर घन पदार्थ बाउलमध्ये दुप्पट वेळ राहतात, टॉर्क चढतो आणि स्क्रोल जाम होण्याची भीती असते. शेजारी दुसरा डिकँटर जवळपास त्याच वेगाने चालत असेल तर त्यामुळेही असाच चढउतार दिसतो. तो डिफरन्शियल बदलल्याने बदलत नाही, एवढा फरक लक्षात ठेवावा.

त्यानंतर यंत्र पूर्ण थांबू द्यावे, वीज तोडून कुलूप लावावे आणि मगच कव्हर उघडावे. बाउल हाताने फिरवून वेगवेगळ्या ठिकाणी सोडून पाहावा. दरवेळी तो एकच बाजू खाली घेऊन थांबत असेल तर जड बाजू सापडली. मोटरच्या पट्ट्यांच्या (बेल्टच्या) घर्षणामुळे थोडे ओझे या चाचणीत लपते, हेही खरे. सर्व विअर प्लेट (बाउलमधील पाण्याची पातळी ठरवणाऱ्या प्लेट) एकाच खुणेवर आहेत ना, हे त्याच वेळी पाहावे. एका यंत्रावर चारपैकी एक प्लेट वेगळ्या खुणेवर बसवलेली होती आणि आम्ही तीन आठवडे गिअरबॉक्सला दोष देत होतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : रात्रपाळी

पाण्यावर चालवून मोजले. १० वर ६ सेकंद, ५ वर १२ सेकंद, अगदी तंतोतंत. विअर प्लेट बरोबर निघाल्या. बाउल मात्र प्रत्येक वेळी एकाच बाजूवर येऊन थांबत होता.

फ्लशिंगच्या पाइपवरील गाळणी उघडली तेव्हा ती गंजाच्या पापुद्र्यांनी तीन-चतुर्थांश बुजलेली आढळली. म्हणजे टाइमर ५ मिनिटे पूर्ण करत होता, पण पाणी जेमतेम जात होते. वीज बंद ठेवून बाउल पाव-पाव फेरा हाताने फिरवत दोन तास पाणी सोडले. सुरुवातीला काळे पाणी आले, नंतर केस आणि धाग्यांच्या दोरखंडासारख्या गुंडाळ्या आल्या. त्या स्क्रोलच्या फीड येण्याच्या भागात अडकून बसल्या असाव्यात. पुन्हा सुरू केल्यावर पूर्ण वेगाला कंपन ४ च्या आत राहिले.

थोडा चढउतार अजून आहे. केक बाहेर पडण्याच्या बाजूने टॉर्च लावून पाहिल्यावर शंकूच्या भागातील एका टाइलचा कोपरा उडालेला दिसला. पुढच्या बंद काळात स्क्रोल बाहेर काढून टाइल बदलून बॅलन्स करून घेणार आहोत. फ्लशिंगचा टाइमर काढून त्या जागी टॉर्कची अट घातली आहे आणि गाळणीची सफाई आठवड्याच्या यादीत घेतली आहे. बेअरिंगची मागणी वरिष्ठांनी तूर्त मागे घेतली.