टोमॅटोच्या गराच्या बरण्यांना भरवशाची झाकणं कुठं मिळतील?

केजची_काकू

नमस्कार मंडळी. बरण्या हव्या तेवढ्या मिळतात, त्यांना धड झाकणं मिळत नाहीत, हे माझं दुखणं आहे.

आमच्या विहिरीवर टोमॅटो असतो. थंडीत त्याला कुणी विचारत नाही, तोडणीची मजुरीसुद्धा निघत नाही. आणि मृगाच्या आगंमागं तोच टोमॅटो डोळे वटारतो. 2023 च्या जुलैत किलोला शंभरच्या वर गेला होता, आठवत असेल. म्हणून मी माघातच गर आटवून काचेच्या बरण्यांत भरते आणि बरण्या पातेल्यात बुडवून उकळते. फ्रीजरमध्ये ठेवा म्हणणारे लई आहेत, पण आमच्या गावात लाईट कधी जाईल अन् कधी येईल काही सांगता येत नाही. शिवाय लेकरू लातूरला क्लासला आहे, खोलीवर हातानं करून खातं. त्याला एसटीनं बरण्या पाठवायच्या तर झाकण पक्कंच पाहिजे.

बरण्या अर्धा किलो मधाच्या असतात तसल्या, 63 मिलीमीटरच्या तोंडाच्या. झाकणं सुटी मागवली की एकाच गठ्ठ्यात चार तऱ्हा निघतात. काहींच्या आत कडेनं पांढरट रबरासारखं वेटोळं, काहींच्या आत नुसती फोमची चकती. काही नीट आवळतात, काही आवळायला गेलं की टक्कन पुढं सरकतात आणि परत ढिली. गार झाल्यावर ज्यांचं मधलं बटण खाली बसतं त्या बरण्या पावसाळा काढतात. ज्यांचं वर राहतं ती बरणी त्याच दिवशी भाजीला घ्यावी लागते. आणि नीट बसलेल्या झाकणांनासुद्धा दिवाळीपर्यंत आतून तांबूस ठिपके येतात, नेमका जिथं सोनेरी लेपाला ओरखडा असतो तिथंच.

दुकानदाराला विचारलं तर "63 म्हणजे 63" एवढंच म्हणतो. तर घेताना नेमकं काय बघायचं, काय म्हणून मागायचं? आणि मागच्या वर्षीची झाकणं चांगली दिसत असली तर परत वापरू का? सासूबाईंना एकही टाकवत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

जालना_पॅकिंगवाला

काकू, सॉस-जॅमच्या पॅकिंगला माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्हाला पाहिजे ते झाकण "लग कॅप" म्हणून मागा, म्हणजे आतल्या कडेला वळवलेले दात असलेलं. 63 हा नुसता व्यास झाला. 63 मध्येही उथळ कडेचं आणि खोल कडेचं अशी झाकणं वेगवेगळी येतात. चुकीचं झाकण बरणीवर बसल्यासारखं दिसतं, पण आतले वळवलेले दात काचेच्या पिळाखाली धरत नाहीत. तुमचं टक्कन सरकणारं झाकण बहुधा तसलंच आहे. म्हणून जाताना रिकामी बरणी पिशवीत घेऊन जा आणि तिथंच लावून बघा. त्याहून बरं म्हणजे बरण्या अन् झाकणं एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी घ्या.

फोमची चकतीवाली सगळी बाजूला काढा, ती तिखट-मसाल्याला ठेवा. उकळायच्या बरणीला कडेचं वेटोळंच लागतं, त्याला प्लॅस्टिसॉल म्हणतात. ते तापल्यावर मऊ पडतं, काचेच्या कडेवर दबतं आणि गार होताना त्याच आकारात घट्ट होतं. आतली वाफ थंड होऊन आकसते, बाहेरची हवा झाकण आत दाबते, म्हणून बटण खाली जातं. तुमच्या मागच्या वर्षीच्या झाकणाचं वेटोळं उन्हात धरून बघा, बरणीच्या कडेची खाच त्यात उमटलेली दिसेल. दुसऱ्या बरणीची कड त्या खाचेत तंतोतंत बसेल याची काही खात्री नाही. त्यामुळं उकळायला दरवेळी नवीनच. सासूबाईंना सांगा, जुनी टाकायची नाहीत, शेंगदाणे-डाळीच्या बरण्यांना वापरायची.

घेताना वेटोळ्यावरून नख फिरवा. सगळीकडून सलग, कुठं तुटलेलं नाही, बुडबुडा नाही, असं पाहिजे. कड चेपलेलं झाकण नको. आतल्या लेपाला ओरखडा असेल तर तेही नको, टोमॅटोचं आंबट तिथूनच पत्र्याला लागतं. "लोणच्या-सॉसच्या मालाला चालणारं, गरम भरायचं" असं सांगूनच मागा.

केजमध्ये सुटी चांगली मिळणं अवघड आहे. जालना, संभाजीनगरला काचेच्या बाटल्यांचे ठोक व्यापारी आहेत, पण ते खोकाच देतात. लोणचं करणारा एखादा बचत गट सोबत घ्या आणि मिळून एक खोका आणा.

आणि गार झाल्यावर झाकणावर मुलाची कंपासपेटीतली पट्टी आडवी धरून बघा. मध्यभागी पट्टीखालून उजेड दिसला तर झाकण आत ओढलं गेलंय.

गोदाकाठ_नांदेड

एक भर. कुणी ऑनलाइन किंवा परदेशातून दोन तुकड्यांची झाकणं मागवणार असेल, म्हणजे वर सपाट चकती आणि बाजूनं फिरकीचं कडं, तर ती मेसन बरणीलाच बसतात, म्हणजे परदेशात घरी टिकवणीला वापरतात त्या सलग आट्यांच्या बरणीला. त्यांच्यातही 70 चं माप असतं. आपल्याकडच्या 70 च्या लग कॅपच्या बरणीवर ते कडं बसत नाही, आटेच वेगळे. माझ्या बहिणीचे पैसे त्यातच गेले. त्यातलं कडं परत वापरता येतं, चकती मात्र एकदाच.

परभणी_अन्नतंत्र

पॅकिंगवाले दादांनी झाकणाचं सगळं सांगितलंय. पण नवं, चांगलं झाकणही भरण्यात चूक झाली तर धरत नाही, म्हणून थोडं.

गर गरम असतानाच भरा आणि वर साधारण 12 मिलीमीटर जागा सोडा. काठोकाठ भरलं तर उकळताना गर वर येऊन कडेवर बसतो. टोमॅटोची एक साल किंवा बी कडेवर राहिली तरी हवा आत जाते, म्हणून ओल्या स्वच्छ फडक्यानं कड पुसूनच झाकण लावा. बोटांच्या जोरानं लावा, गडीमाणसाच्या हातून आवळून घेऊ नका, कारण आतली हवा उकळताना बाहेर पडावी लागते. बाहेर काढल्यावर परत आवळायचं नाही.

तुमच्या मापाच्या बरणीला पाव चमचा लिंबूसत्त्व घालाच. गराचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, 4.6 च्या खाली राहिला पाहिजे; आकडा जेवढा कमी तेवढं आंबट जास्त. पाणी बरणीच्या वर बोटभर असावं आणि खळखळ उकळायला लागल्यापासून 40 मिनिटं मोजा. समुद्रसपाटीला 35 पुरतात, पण आपला मराठवाडा उंचावर आहे, इथं पाणी थोडं आधीच उकळतं. बोअरच्या पाण्यानं झाकणावर पांढरा थर चढत असेल तर पातेल्यात थोडं व्हिनेगर टाका.

केजची_काकू

देव भलं करो तुमचं. गठ्ठा ओतून बसले, फोमवाली निम्मी निघाली, ती डाळीकडं गेली. आमच्या गटातल्या बायकांना खोक्याचं विचारते. एकच राहिलं, अशीच केसरच्या रसाची बरणी केली तर चालेल का? पंचमीला लेकी येतात, तेव्हा ताटात रस असावा असं फार वाटतं.

परभणी_अन्नतंत्र

काकू, पिकलेल्या आंब्याच्या नुसत्या रसाला घरच्या उकळीचा भरवसा धरू नका. पूर्ण पिकलेल्या फळात आंबट कमी पडतं. बोट्युलिझम म्हणजे अन्नातून होणारी जीवघेणी विषबाधा; तिच्या जंतूची बीजं नुसत्या उकळीनं मरत नाहीत, आंबट कमी असलं की वाढतात आणि त्यांना हवा नसलेलीच जागा लागते. झाकण जेवढं पक्कं, तेवढी आत हवा कमी, म्हणजे इथं चांगलं झाकण तुम्हाला वाचवत नाही. हुरडा, मटार, सीताफळाचा गर यांचंही तेच. रस एखाद्या पाहुण्याकडं, जिथं लाईट टिकते तिथं फ्रीजरला ठेवता आला तर बघा. पंचमीसाठी बरणीत भरायचाच असेल तर कैरीचा गुळांबा करा.