फियर्स, ब्रूटल, क्रुएल, रूथलेस : फरक मुलांना कसा समजवावा?

वाशीची शिक्षिका

नमस्कार. मी अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. निबंधात वादळ असो, खलनायक असो वा मे महिन्यातला उकाडा असो, मुले सर्रास ‘क्रुएल’ हा एकच शब्द वापरतात. 2019 साली ठाण्यातील मॉलमध्ये शिरलेल्या बिबट्याविषयी एका मुलीने ‘अ क्रुएल लेपर्ड एन्टर्ड द मॉल’ असे लिहिले आहे. व्याकरण बिनचूक असूनही वाक्य खटकते. ते का खटकते, हे मुलांना पटेल अशा रीतीने कसे सांगावे?

येऊर पायथा

बाई, वाक्य खटकते कारण ‘क्रुएल’ म्हणवून घ्यायला दुसऱ्याच्या वेदनेची जाण असलेले मन लागते. समोरच्याला दुखते आहे हे कळूनही, किंवा त्याला दुखावे म्हणूनच, जो वागतो तो क्रुएल. बिबट्या भुकेपोटी कुत्रा उचलतो आणि कोंडला गेला की पंजा मारतो, म्हणून त्याला ‘फेरोशस’ किंवा ‘फियर्स’ म्हणावे. मराठीत आपण ‘क्रूर श्वापद’ सहज म्हणून जातो आणि मुलांचे वाक्य बहुधा तिथूनच येते. त्यांना ‘हिंस्र’ या शब्दाची आठवण करून दिली, तर ‘फेरोशस’ची जागा चटकन सापडेल. नियतीला किंवा समुद्रालाही इंग्रजीत ‘क्रुएल’ म्हणतात खरे, परंतु तेव्हा त्यांना मन असल्याचे कल्पिलेले असते.

‘फियर्स’ आणि ‘फेरोशस’ या दोहोंचे मूळ रानटी, न माणसाळलेला या अर्थाच्या लॅटिन ‘फेरस’ शब्दात आहे. तरीही ‘फियर्स’ आता बऱ्याचदा कौतुकानेच येतो : ‘फियर्स लॉयल्टी’ म्हणजे आपली कडवी निष्ठा. ‘ब्रूटल’चा रोख कृत्याच्या अमानुष रीतीवर असतो, म्हणून वर्तमानपत्रातील ‘निर्घृण हत्या’ ही ‘ब्रूटल मर्डर’ होते. ‘ब्रूटल ऑनेस्टी’त मात्र हिंसा नसते, भीडभाड न ठेवता सांगितलेले सत्य असते.

‘सॅव्हेज’विषयी मुलांना आवर्जून सांगावे. हा शब्द अरण्य या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आणि वसाहतकाळात जंगलात राहणाऱ्या माणसांना हिणवण्यासाठी वापरला गेला. येऊरच्या पाड्यांवर वारली कुटुंबे राहतात. आपल्या जिल्ह्यातील मुलांनी कोणत्याही समाजासाठी हा शब्द कधीही लिहू नये, असे मला मनापासून वाटते.

कोर्टनाका

वरील विवेचनाला कायद्याची जोड देतो. ‘क्रुएल्टी’ हा आमच्याकडे रोजचा शब्द आहे. भारतीय दंड संहितेत 1983 साली आलेल्या कलम 498-अ मध्ये, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 व 86 मध्ये, पती व सासरच्या मंडळींकडून होणारी क्रूरता गुन्हा ठरते; तिच्या व्याख्येत बुद्धिपुरस्सर वर्तनाचा उल्लेख आहे आणि मानसिक आरोग्याला होणारी गंभीर इजाही धरली आहे. घटस्फोटाच्या दाव्यात मात्र छळण्याचा हेतू सिद्ध झालाच पाहिजे असे नाही, तिथे जोडीदाराला काय सोसावे लागले हे पाहिले जाते. तेव्हा ‘मन लागते’ हा नियम निबंधापुरता उत्तम आहे, न्यायालयात तो तसाच्या तसा चालत नाही. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमातही क्रूरतेचा कर्ता माणूस आहे, प्राणी तिचा बळी आहे. आपल्या विद्यार्थिनीला हे उदाहरण नक्की पटेल.

नेरूळचा वाचक

‘रूथलेस’ राहिला. ‘रूथ’ म्हणजे दया. तो शब्द एकटा आता जवळपास लुप्त झाला आहे. ध्येयाच्या आड येणारी दया जो बाजूला सारतो तो रूथलेस, मग त्याला इतरांच्या दुःखात आनंद वाटो वा न वाटो. लेखातील आवडती वाक्येही छाटणाऱ्या संपादकाला ‘रूथलेस’ म्हणता येते. ‘क्रुएल’ म्हटल्यास त्याच्यावर अन्याय होईल.

वाशीची शिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एका मुलाने शाळेतील कबड्डीच्या अंतिम सामन्याला ‘ब्रूटल मॅच’ म्हटले आहे. ते तसेच राहू द्यावे का?

येऊर पायथा

खेळाडू जबर जखमी झाले असतील किंवा सामना अगदी दमछाक करणारा ठरला असेल, तर राहू द्यावे. अखेरच्या चढाईपर्यंत चुरस टिकली एवढेच त्याला सांगायचे असेल, तर ‘फियर्स कॉन्टेस्ट’ लिहावे. मराठीत आपण त्याला अटीतटीचा सामना म्हणतो.