मदत हवी आहे: उंचीची भीती असताना ग्रँड कॅन्यन कसा उतरावा?

नमस्कार मंडळी. ताईसोबत ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवरून, म्हणजे दरीच्या दक्षिण काठावरून, खाली उतरायचं ठरतंय. चालायची सवय आहे, दमही टिकतो. प्रश्न फक्त उंचीचा आहे. वाटेच्या एका बाजूला मोकळी दरी दिसली की गुडघे लटपटतात, तळहातांना घाम फुटतो आणि नजर नेमकी कड्याकडेच ओढली जाते. चढताना निभावतं, उतरताना मात्र पाऊल उचलतच नाही. वाट चांगली रुंद आहे हे डोक्याला कळतं, पायांना पटत नाही.

साउथ कैबाबची वाट बरीचशी डोंगराच्या सोंडेवरून जाते, त्यामुळे ती नकोच. ब्राइट एंजलची वाट कड्याच्या कुशीतून वळणं घेत उतरते, म्हणून ती बरी वाटते. दीड मैलावरच्या विसाव्यापर्यंत जाऊन परतायचा बेत आहे. झायन राष्ट्रीय उद्यानातल्या एंजल्स लँडिंगचा, म्हणजे दोन्ही बाजूंना खोल दरी असलेल्या त्या अरुंद वाटेचा, तर मी विचारही करत नाही.

खरोखर भीती वाटणाऱ्या कुणी ब्राइट एंजल केली आहे का? वरच्या दोन बोगद्यांच्या आसपास दरी किती अंगावर येते? खेचरांचा तांडा आला की कड्यापासून लांब, डोंगराच्या बाजूला उभं राहायचं असतं, ते ठीक. पण समोरून माणसं आली तर बाहेरच्या बाजूने जावं लागतं का? उतरताना काठ्यांचा आधार होतो की त्या पायात येतात? आणि मध्येच पाय गोठले तर सोबतच्याने नेमकं काय करावं? ताईला आधीच सांगून ठेवायचं आहे.